मिक्सर की इंटरफेस? आधी टाळकरी मोजा

"भाऊ, मिक्सर कोन्तं घेऊ?"

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या उंद्रीत किंवा आजूबाजूच्या खेड्यांत कुणाला घरातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची हौस आली, की पहिला प्रश्न हाच असतो. इंटरफेस हा शब्द पुष्कळ नंतर येतो, आणि तोही बहुधा एखाद्या हिंदी व्हिडिओतून उचललेला. याला कारण आहे. आपल्याकडे आवाजाचं काम म्हणजे सप्ताह, लग्न नाहीतर जयंती. तिथे मंडपाच्या कोपऱ्यात साउंडवाल्यापुढे जे मांडलेलं दिसतं ते मिक्सर. बटणं भरपूर, दिवे भरपूर, त्यामुळे खरं यंत्र तेच वाटतं. मलाही तेच वाटलं होतं.

शहरातल्या एका दुकानातून मी आठ चॅनेलचा मिक्सर उचलून आणला. वर ठळक अक्षरांत 'यूएसबी' लिहिलेलं, दुकानदारानेही मान डोलावलेली. घरी येऊन बघतो तर ते यूएसबी पेनड्राइव्ह लावून गाणी वाजवायचं! लॅपटॉपला जोडायचं नव्हतंच. मग मिक्सरच्या मागून एक वायर काढून ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली आणि शेजारच्या गावच्या भजनी मंडळाला बोलावलं. नऊ जण आले, तीन तास गायले, चहा-पोहे झाले. रात्री ऐकायला बसलो तर पखवाज बुवांच्या आवाजावर चढून बसलेला आणि पेटी कुठे शोधूनही सापडेना. पखवाज कमी करावा म्हटलं तर बुवाही कमी होत. सोयाबीन आणि तूर एकाच पोत्यात ओतली तर निदान चाळणी तरी लावता येते. इथे चाळणीच नव्हती. मंडळाला पुन्हा बोलवायला मला दोन महिने तोंड झालं नाही.

म्हणून पैसे बाहेर काढण्यापूर्वी या दोन यंत्रांमधला फरक नीट समजून घ्या. मिक्सर अनेक आवाज एकत्र करून एक किंवा दोन वाटांनी बाहेर पाठवतो. मंडपात तेच हवं असतं, कारण पुढे कर्णे दोनच असतात. इंटरफेसचं काम उलटं आहे. तो प्रत्येक माइकचा आवाज वाढवतो, त्याचे आकडे करतो आणि ते लॅपटॉपला वेगवेगळे नेऊन देतो. चार माइक लावले तर लॅपटॉपच्या पडद्यावर चार रेघा उमटतात. पखवाज जास्त झाला तर फक्त पखवाजाची रेघ खाली ओढायची. मिसळण्याचं काम नंतर, निवांतपणे, रात्री जेवण झाल्यावर करायचं. घरच्या स्टुडिओत ही 'नंतर'ची सोयच विकत घ्यायची असते.

तेव्हा 'कोणता घेऊ' हे नंतर विचारा. आधी सांगा, तुमच्या खोलीत एका वेळी किती जण वाजवणार-गाणार आहेत, आणि त्यातल्या किती जणांना तुम्हाला मागाहून वेगळं करायचं आहे?

आपल्या भागात येणारं काम साधारण तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार एकट्या गायकाचा. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर भीमगीतांची गर्दी असते, बारा जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती म्हणून डिसेंबरात पोवाडे असतात, उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडी गाणी असतात. गाणारा तयार संगीताचा ट्रॅक घेऊन येतो आणि त्यावर म्हणतो. त्याला एक माइक पुरतो. फोकसराइटचा स्कारलेट सोलो किंवा ऑडियंटचा आयडी४, दोन्हींत माइकचं भोक एकच आहे आणि या कामाला ते भरपूर झालं. खिसा आणखी हलका असेल तर बेरिंजरचा यूएमसी२२ आहे. या कामासाठी मिक्सर घेणं म्हणजे एका माणसाच्या स्वयंपाकाला पंगतीची कढई आणणं.

पण एकटा गायक नेहमीच एकटा नसतो. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात आठवा. एकतारीवर भीमगीतं म्हणतात, मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून त्या घराघरांत पोचल्या. गळा आणि एकतारी, दोन्ही एकाच वेळी चालू. असं कुणी तुमच्याकडे आलं तर एक माइक छातीच्या उंचीवर ठेवून दोन्ही एकत्र घेता येतं, छानही लागतं. मात्र एकतारी मागाहून थोडी मागे सारायची असेल तर दोन माइक हवेत, म्हणजे दोन भोकांचा इंटरफेस हवा. स्कारलेट २आय२ किंवा यूएमसी२०२एचडी हे त्या घरातले. सोलो आणि २आय२ यांच्या किमतीतला फरक वरवर बराच वाटतो, पण वर्षभरात दुसरं भोक लागलं नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरा प्रकार भजनी मंडळाचा, आणि आपल्याकडचं खरं अवघड काम हेच. शहरातले मार्गदर्शक डोळे झाकून 'दोन इनपुट बस झाले' असं सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गिटार घेऊन बसलेला एक मुलगा असतो. आपल्यापुढे बुवा, पेटी, पखवाज आणि सहा टाळकरी असतात. पखवाजाला दोन तोंडं. शाईची बाजू खणखणीत, कणीक लावलेली धुमेची बाजू घुमणारी. एका माइकात दोन्ही सारख्या येत नाहीत, कारण माइक ज्या बाजूला झुकेल तीच बोलते. म्हणजे पखवाजाला दोन, बुवांना एक, पेटीला एक. झाले चार. टाळकऱ्यांना माइक देऊच नका. टाळ असा पदार्थ आहे की तो न बोलावताही प्रत्येक माइकात येऊन बसतो. टाळकऱ्यांना दाराशी बसवा, माइकांची पाठ त्यांच्याकडे करा, तरीही टाळ पुरून उरतील.

म्हणून माझं स्पष्ट मत: या भागात भजनाचं काम करायचं असेल तर चार माइकांचा इंटरफेस घ्या. दोनचा कमी पडतो. आठचा घेतलात तर दहा बाय बाराच्या खोलीत त्या आठही माइकांत टाळच येणार आहे, मग पैसे कशाला घालवायचे?

इथे सर्वांत मोठा खड्डा आहे तो डब्यावरच्या आकड्यांचा. '४आय४' म्हणजे चार आत, चार बाहेर. वाचणारा समजतो, चार माइक लागतील. स्कारलेट ४आय४ मध्ये माइकची भोकं दोनच आहेत. उरलेली दोन कीबोर्डसारख्या यंत्रांसाठी, माइकाला लागणारी ताकद त्यांच्यात नाही. मोटूचा एम४ सुद्धा तसाच. आणखी मोठ्या '१८आय२०'मध्ये अठरा म्हणतात ते ऐकून डोळे फिरतात, पण माइक आठच लागतात, बाकीचे आकडे ऑप्टिकल आणि इतर वाटांचे. खऱ्या अर्थाने चार माइक घेणारा आणि आपल्या खिशाला परवडणारा म्हणून यूएमसी४०४एचडी बराच वापरात आहे. त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, ते मात्र ध्यानात ठेवा. डबा हातात घेतला की आकडा वाचू नका, यंत्राची पुढची आणि मागची बाजू बघा. तीन छिद्रांची गोल माइकची भोकं किती आहेत ते बोटाने मोजा. इंग्रजी येत नसलं तरी एवढं मोजता येतं.

तरी ४आय४ वाईट आहे असं नाही. बँजो पार्टीचा किंवा ऑर्केस्ट्राचा पोरगा कीबोर्ड घेऊन आला, तर त्याच्या कीबोर्डाच्या मागून डावी-उजवी अशा दोन वायरी निघतात आणि त्या त्या दोन भोकांत बरोबर बसतात. गायकाला एक माइक, ढोलकीला एक. त्या कामासाठी ४आय४ मापून शिवल्यासारखा आहे.

दोनच भोकांत मंडळ बसवायचं असेल तर दुसरी वाट आहे. आधी पखवाज आणि पेटी, मग ते हेडफोनवर ऐकत बुवा, शेवटी टाळ आणि कोरस. सिनेमाची गाणी वर्षानुवर्षं अशीच होत आली आहेत. पण ज्या बुवांनी पन्नास वर्षं पखवाजवाल्याच्या डोळ्यांत बघून भजन म्हटलं, त्यांच्या कानावर हेडफोन चढवला की गळा अर्ध्यावर येतो. मी दोनदा करून पाहिलं. एक बुवा म्हणाले, "हे म्हंजे फोनवर लगन लावल्यावानी झालं बाप्पा." तेव्हापासून मंडळ एकत्रच बसवतो.

तिसरा प्रकार सप्ताहातल्या कीर्तनाचं थेट प्रक्षेपण. मिक्सरची जागा इथे, आणि इथे ती हक्काची आहे. हजार माणसांना कर्ण्यावर ऐकवायचं आणि त्याच वेळी यूट्यूबवर सोडायचं, तर आवाज जागेवरच मिसळावा लागतो. यामाहाचा एमजी१०एक्सयू यूएसबीवरून लॅपटॉपला जोडतो, पण लॅपटॉपकडे जातात ते मिसळलेले दोनच आवाज. थेट प्रक्षेपणाला तेवढं पुरे. प्रत्येक माइक वेगळा हवा असेल तर मिक्सरच्या माहितीपत्रात 'मल्टीट्रॅक' हा शब्द शोधा. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके आणि बेरिंजरचा एक्सआर१८ लॅपटॉपला वेगवेगळे आवाज देतात. झूमचे एल-८ आणि एल-१२ तर लॅपटॉपशिवाय थेट मेमरी कार्डावर वेगवेगळं रेकॉर्ड करतात. रात्री अकरा वाजता मंडपात लॅपटॉप उघडून बसायला नको, हे सप्ताहात फार सुखाचं असतं. पण ही सगळी महाग मंडळी आहेत, आणि वर्षातून दोन सप्ताहांसाठी ती घेऊ नयेत असं मी सांगेन. त्यापेक्षा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर काढून आपल्या इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावा. काम भागतं. फक्त एक काळजी घ्या. इंटरफेसवर '४८ व्होल्ट' असं बटण असतं. कंडेन्सर माइकाला वीज पुरवायचं ते बटण, मिक्सरची वायर माइकच्या भोकात लावलेली असताना ते बंदच ठेवायचं. नाहीतर ती वीज उलटी मिक्सरात जाते.

आणि एको! गावातल्या गायकाला एको लागतोच, त्याशिवाय त्याला आपला आवाज आपला वाटत नाही. मिक्सरवरचा एको रेकॉर्डिंगमध्ये गेला की तो कायमचा शिरला. कपड्याला लागलेला हळदीचा डाग तसा. इंटरफेसमध्ये मूळ आवाज कोरा येतो आणि एको मागाहून हवा तेवढा घालता येतो. गायकाच्या समाधानासाठी त्याच्या हेडफोनात थोडा सोडा, तो खूश राहतो.

आता विजेकडे वळू, कारण हा विषय विदेशी व्हिडिओंत तुम्हाला सहसा ऐकायला मिळणार नाही. लहान इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीतूनच वीज घेतात. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग चालू राहतं. मिक्सर मात्र लाइटबरोबर बसतो. भारनियमनात हा फरक लाखमोलाचा आहे. मी तर लाइट असली तरी महत्त्वाच्या गाण्याच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवतो. चार्जर लावला की स्पीकरातून जी बारीक घूंऽऽ येते ती पुष्कळदा त्याने जाते. ती नाहीच गेली तर दोष अर्थिंगचा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरी पिन नावालाच असते, बोर्डाच्या मागे ती कशालाच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती आधी जोडून घ्या. दोन हजारांचं अर्थिंग वीस हजारांच्या इंटरफेसपेक्षा जास्त कामाचं ठरतं. इन्व्हर्टर घेणार असाल तर साइन वेव्हचा घ्या. जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो तसेच स्पीकरही गुरगुरतात. आणि शेतीची थ्री फेज रात्री कधी येते त्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ठेवा. गावभर मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज नाचतं.

उशिराचा प्रश्न इंटरफेस घेतलेल्या प्रत्येकाला छळतो. गायक म्हणतो आणि हेडफोनात त्याला तेच किंचित मागाहून ऐकू येतं. आवाज लॅपटॉपच्या आत जाऊन परत येतो, त्याचा हा वेळ. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये 'बफर' म्हणून आकडा असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ ठेवला तर एका बाजूने सुमारे पावणेतीन मिलिसेकंद लागतात, ५१२ ठेवला तर जवळजवळ अकरा; जाऊन-येऊन निदान दुप्पट. हे घाबरण्यासारखं नाही. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे मंडळात तीन मीटरवर बसलेल्या पखवाजवाल्याचा ठेका बुवांच्या कानी नऊ मिलिसेकंद उशिराच पोचतो, आणि भजन तरी अडत नाही. पण दहा-पंधराच्या पुढे गेलं की गायक अडखळतो. सोपा उपाय म्हणजे 'डायरेक्ट मॉनिटर'ची सोय असलेला इंटरफेस घेणं. आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला जातो. ही सोय नसेल तर तो इंटरफेस घेऊच नका, दुकानदार कितीही सूट देवो. विंडोजवर हा उशीर कमी ठेवणारा, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का तेही विचारा. नसला तर एएसआयओफोरऑल नावाच्या फुकट ड्रायव्हरवर भागवावं लागतं, भागतं, पण कधीकधी रुसतं.

'१९२ किलोहर्ट्झ' या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट एवढ्यावर आपलं सगळं काम होतं. तेवढ्यावर चार माइकांचं एक तासाचं रेकॉर्डिंग सुमारे दोन जीबी होतं, १९२ वर तेच आठ जीबी होईल आणि जुना लॅपटॉप धापा टाकेल. फायदा बुवांना नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. २४ बिटचा फायदा मात्र खरा आहे. आवाज हळू घेतला तरी खरखर येत नाही. त्यामुळे गेनची, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची, खुंटी दिवा लाल होईपर्यंत चढवायची मंडपातली सवय सोडून द्या. लाल झालेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. शांत ओवी चालू असताना प्रोग्राममधला आवाजाचा सूचक (मीटर) उणे अठरा डेसिबलच्या आसपास आणि गजर चढला की उणे सहाच्या खाली, असं ठेवा.

खंजिरीसाठी याहून जास्त जागा ठेवा. तुकडोजी महाराजांपासून विदर्भात खंजिरी भजनाची परंपरा आहे, आणि अकोटचे सत्यपाल महाराज तर सप्तखंजिरी वाजवतात. खंजिरीची थाप सूचकाला कळायच्या आतच येऊन जाते. डोळ्यांना सूचक शांत दिसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टोकं छाटलेली निघतात. खंजिरीवाल्याला आधी सगळ्यात जोराचा तुकडा वाजवायला सांगा, त्यावर गेन ठरवा आणि मग आणखी थोडा उतरवा.

आता खोलीबद्दल थोडक्यात. गोधड्या. घरातल्या जुन्या जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं सोडून दोरीवर टांगा. बाजारातल्या पातळ फोमपेक्षा त्या जास्त आवाज पितात. आणि पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यातली रेकॉर्डिंग विसरा. आमचं गाव खामगाव-चिखली रस्त्यावर असल्याने मला ट्रकचे हॉर्नही टाळावे लागतात. म्हणून रात्री दहानंतरचं काम सगळ्यात चांगलं. उन्हाळ्यात कूलर बंद करून गायकाला बसवावं लागतं, त्याला आधीच सांगून ठेवा.

खरेदी कुठून? अकोल्याला, नागपूरला दुकानं आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. ऑनलाइन मागवत असाल तर पत्त्यावर तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा हे स्पष्ट लिहा, नुसतं उंद्री लिहिलं तर पुण्याजवळच्या उंड्रीत पार्सल भटकून येण्याची शक्यता असते. डबा उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी प्रत्येक भोकात एकच माइक फिरवून लावून तपासा, कारण एक भोक मुकं निघालं तर ते मंडळ समोर बसल्यावर कळू नये. ४८ व्होल्टचं बटण दाबून कंडेन्सर माइक चालतो का ते बघा. डबा आणि बिल फेकू नका, दुरुस्तीला कुरिअरनेच पाठवावं लागतं आणि मूळ डब्याइतकं चांगलं आवरण कुठे मिळत नाही.

आणि पहिलं मंडळ बोलावण्याआधी एक रात्र एकट्याने काढा. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, चारही माइक मांडून पाच मिनिटं काहीच न बोलता रेकॉर्ड करा आणि मग ते हेडफोनवर ऐका. मला पहिल्या वेळी माझ्या खोलीत फ्रिज ऐकू आला. तो दोन खोल्या पलीकडे होता.